हात नसलेली मातीची बाई

मला आधी एक सांगा, हात तुटलेली बाई मुद्दाम कोण घडवतं? आणि घडवलीच, तर तसं तिच्याखाली लिहून ठेवायला काय झालं होतं?... असो. नमस्कार ग्रुपवरच्या सगळ्यांना.

यंदा गणपती उठले त्या दिवशीची गोष्ट. आम्ही येलहंक्याला राहतो. हे सरकारी कारखान्यातून रिटायर झालेत. चाळीस वर्षं यांना एकच नाद... उत्खननात सापडलेल्या मातीच्या बाहुल्यांच्या नकला जमवायच्या. त्याही जुन्याच हव्यात, पूर्वी म्युझियमवाले साच्यातून काढून भाजून विकायचे तशा.

शोकेसमध्ये नऊ होत्या. त्यात बैलाला शिंग नाही, घोड्याला तोंड नाही, एका बाईला डावा हातच नाही. खंडित मूर्ती घरात ठेवू नये, एवढं कळायला शाळा लागत नाही. हे लग्नाला बेळगावला गेले होते. मी त्या तिन्ही पिशवीत घातल्या आणि गणपतीबरोबर कल्याणीत, म्हणजे इकडच्या विसर्जनाच्या हौदात, सोडल्या.

तिथल्या माणसाने कानडीत विचारलं, "इदेनु अज्जी?" हे काय म्हणून. म्हटलं, मोडकं आहे अण्णा, जाऊ दे पाण्यात. "सरी," म्हणाला, म्हणजे बरं.

दोन दिवसांनी हे आले. मी ऐटीत सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "अगं, जमिनीतून मूळ बाई बिनहाताचीच निघाली. नकलेला हात बसवला असता तर खोटी झाली असती."

मग म्हणाले, भाजलेली माती विरघळत नाही, चल. गेलो दोघं... कल्याणी रिकामी. गाळ सकाळीच ट्रकमधून गेला होता. हे कठडा धरून कोरड्या तळाकडे बघत राहिले.

भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. पण हे रोज फडकं घेऊन उरलेल्या सहा पुसतात... आणि तीन मोकळ्या जागाही पुसतात.

मला सांगितलं का नाही, म्हणून विचारलं. "सांगितलं होतं, दोन-तीनदा." असेल. मी पोळ्या लाटता लाटता हं हं केलं असेल. चाळीस वर्षांत एकदाही लाटणं खाली ठेवून ऐकलं नाही... हे माझं चुकलं.

बैल, घोडा गेले तर गेले. बाई यांनी सगळ्यात पहिली आणली होती.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी जुनी, डावा हात नसलेली बाई पडून असेल, त्यांनीच उत्तर द्यायचं. रडक्या तोंडाची चित्रं टाकणाऱ्यांनी गप्प बसायचं. आणि उत्तर मला द्या, यांना नाही. बाई हातात येईपर्यंत यांना उगाच आशा लावायची नाही.