मायव्वा मावशींचा पाय आणि चेंबरमधलं पाणी

उन्हाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी आमच्या पंपिंग स्टेशनच्या गेटवर एक स्कूटी येऊन थांबली. मी सांगलीत ड्रेनेजच्या पंपिंगवर ऑपरेटर आहे. शहराचं सांडपाणी आमच्या मोठ्या विहिरीत गोळा होतं आणि तिथून पंपाने शुद्धीकरणाला जातं. अशा जागी पाहुणे येत नाहीत...

आलेल्या बाई चाळिशीच्या आतल्या. एका हातात बर्फाचा डबा, दुसऱ्या हातात ऑफिसच्या परवानगीचं पत्र. मला वाटलं, आली तपासणी. तर त्या म्हणाल्या, "काका, मला थोडं पाणी हवंय. जितकं घाण तितकं चांगलं."

या वैशाली मॅडम. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतूंची तपासणी करतात.

त्यांनी मला तिथेच, पंपाच्या आवाजात ओरडून ओरडून समजावलं. जत तालुक्यातल्या मायव्वा मावशी त्यांच्याकडे ॲडमिट होत्या. मेंढरं राखणारी बाई. रस्ता ओलांडताना टेम्पोने उडवलं, नडगीत रॉड घातला, आणि जखमेत असा जंतू शिरला की कुठलंच औषध त्याला दाद देईना. आठ महिने पू थांबत नव्हता. आता डॉक्टर गुडघ्याखाली पाय काढायचं बोलत होते.

पण जंतूंनाही खाणारे विषाणू असतात म्हणे... फाज. माणसाला ते धरत नाहीत, फक्त जंतूला धरतात, आणि तेही एखाद्याच जातीच्या. जिथे जंतू भरपूर, तिथेच हे सापडायचे. म्हणून मॅडम गटाराच्या मागे लागल्या होत्या.

तीन वेळा पाणी नेलं. तिन्ही वेळा काही नाही. तिसऱ्या खेपेला मॅडम आमच्या बाकड्यावर बसून राहिल्या. समोरचा चहा गार झाला. "बाकीचे जंतू मरतायत काका, मावशींचा तेवढा मरत नाही..."

मी सहज विचारलं, हा जंतू त्यांना लागला कुठे? म्हणाल्या, बहुतेक हॉस्पिटलमध्येच.

मग मात्र मला राहवेना. म्हटलं, मॅडम, मग इथलं पाणी कशाला नेता? इथे येईपर्यंत त्यात अख्ख्या गावाची अंघोळ, साबण, फिनेल सगळं मिसळलेलं असतं. तुमच्या हॉस्पिटलची लाईन मेन लाईनला मिळते, त्याच्या अलीकडे एक चेंबर आहे. लाईन टाकताना मी तिथे होतो. तिथलं घेऊ.

त्या ताडकन उठल्याच.

आमच्या ऑफिसच्या साहेबांना सांगून दुसऱ्या दिवशी आम्ही चेंबरचं झाकण काढलं, वायू निघून जाऊ दिला, दोरीला बाटली बांधली. मी म्हटलं, तुम्ही लांब थांबा, मी काढतो. मॅडमनी केस बांधले, हातमोजे चढवले आणि दोरी स्वतः हातात घेतली. नाकाला रुमालसुद्धा लावला नाही. तीन बाटल्या भरल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला, "काका, आत्ता या."

लॅबमध्ये एक काचेची बशी होती. तिच्यावर धुकं पसरावं तसा जंतूंचा थर, आणि त्या थरात मोहरीएवढी स्वच्छ, गोल भोकं. जिथे भोक, तिथे मावशींचा जंतू मेलेला. मला त्यातलं फार काही कळत नाही. पण मॅडमनी बशी खिडकीच्या उजेडात धरून मला एकेक भोक मोजून दाखवलं.

पुढचं काम जास्त अवघड होतं. ते फाज मोठ्या लॅबमधून शुद्ध करून आणायचे, कमिटीची परवानगी काढायची, डॉक्टरांना तयार करायचं... मॅडम फायली घेऊन महिनोन्महिने फिरत होत्या. तोवर मावशींचा पाय काढू नका, म्हणून सर्जनसाहेबांना रोज विनवत होत्या.

शेवटी घरच्यांची संमती घ्यायची वेळ आली. मॅडमनी मलाही वॉर्डात बोलावलं. पाणी कुठलं, कसं काढलं ते खरं खरं सांगा म्हणाल्या, काही लपवायचं नाही. मी मान खाली घालून सांगितलं.

मावशींचा मुलगा बिरू उसळलाच. "गटारातलं आईच्या पायात घालायचं व्हय?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शुद्ध करूनच देणार आहोत. पण मूळ ते तिथलंच. आणि गुण येईलच अशी खात्री मी देऊ शकत नाही."

मग कॉटवरून मावशींचा आवाज आला.

"बिरू, गप रं. आपली मेंढरं लोकांच्या रानात बसत्यात, त्यांच्या लेंड्यांवर शाळू येतो. त्येचीच भाकरी खाऊन तू एवढा झालास. मला कसल्या घाणीचं भ्या दावतोस? घाला वो बाई. पाय ऱ्हायला तर माझा, न्हाई ऱ्हायला तरी माझाच."

आणि अंगठा पुढे केला.

जखम पुन्हा उघडून साफ केली, फाज सोडले. जोडीला आधीची औषधंही चालूच ठेवली. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा मॅडम दिवसभर कॉटजवळून हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी ड्रेसिंग जवळजवळ कोरडं निघालं... दीड महिन्याने मावशी काठी टेकत, दोन्ही पायांवर, हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरल्या.

हे सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही, हे मॅडम प्रत्येकाला बजावून सांगतात. श्रेयही एकट्या घेत नाहीत. पण मी बावीस वर्षं हे पाणी शहराबाहेर ढकलत आलोय. त्यात वाकून कुणाचा तरी पाय शोधणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

परवा बिरूचा फोन आला. आई मेंढरांमागं गेली, सांगून ऐकत न्हाई म्हणाला. मी मॅडमना कळवलं. त्या आधी चांगल्याच रागावल्या, इतक्यात एवढं चालायचं नाही म्हणून... आणि मग फोनवरच कितीतरी वेळ हसत राहिल्या.

मॅडम, तुम्हाला मनापासून नमस्कार. पाणी लागलं तर केव्हाही या.