दादा उभ्यानं जेवू लागला

आमचा दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पुढं काउंटरवर मालक गोडगोड बोलून फ्रेमा विकतो आणि मागच्या खोलीत ओल्या चाकाशी दादा असतो. चाळिशी त्यानं केव्हाच ओलांडली. त्याला ऑटिझम आहे हे मात्र तिशी उलटल्यावर कळलं. तोवर आम्ही त्याला विक्षिप्त म्हणायचो आणि नातेवाईक त्याहून बरंच काही. डॉक्टरीणबाईंनी ‘स्वमग्न’ असा शब्द सांगितला तेव्हा दादा म्हणाला, “मी स्वतःत नसतो, काचेत असतो.” त्याच्या दृष्टीनं हा विनोद नव्हता, पण मी पोट धरून हसले.

मध्यंतरी तो उभ्यानं जेवू लागला. ताट ओट्यावर ठेवायचं आणि जेवून मोकळं व्हायचं. दुकानातलं स्टूलही त्यानं भिंतीला सरकवून दिलं आणि दिवसभर उभ्यानं काम करू लागला. आम्ही म्हटलं, आलं काहीतरी नवीन खूळ! कधी एखादा शर्ट अंगाला नको होतो, कधी पिवळा दिवा सहन होत नाही. ‘दादाचं असतंच तसं’ हे वाक्य आमच्या घरात इतकं चालतं की त्याच्याखाली काय वाटेल ते खपून जातं.

डॉक्टरांकडे त्याला आई नेते. अचानक विचारलं की दादा अडखळतो. त्याचं उत्तर तयार होईपर्यंत डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात. म्हणून आईच बोलते. “खोकला आहे, झोप बरी आहे, बाकी काही नाही.” आईनं बाकी काही नाही म्हटलं की दादाच्या लेखी विषय मिटला. त्या दिवसांतही दोघं खोकल्यासाठी गेले होते. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली तरी दादा उभाच. “हल्ली बसतच नाही,” आई हसत म्हणाली, “त्याचं असतं तसं.” डॉक्टरही हसले. एवढा शिकलेला माणूस, ‘का रे बाबा, बसत का नाहीस?’ एवढं विचारायला त्याचं काय जात होतं? मला अजून संताप येतो.

दादाला शौचाच्या वेळी रक्त पडत होतं. बसलं की कळ यायची. आणि हे आईसमोर सांगायची त्याला लाज वाटत होती.

शेवटी एका दुपारी मालकाकडून सुट्टी मागून तो आयुष्यात पहिल्यांदा एकटा दवाखान्यात गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला नंतर शब्दाला शब्द सांगितलं. ऐकलेलं तो विसरत नाही, हे आमचं दुर्दैव.

“सोबत कोण आहे?” कंपाउंडरनं विचारलं.

“कुणी नाही.”

“मोठं कुणी आलं नाही का?”

“मी मोठा आहे.”

कंपाउंडरला हसू आवरेना. आत गेल्यावर डॉक्टरांनीही आधी दादाच्या मागं, दाराकडे पाहिलं. हे डॉक्टर वयानं दादाहून लहान, पण त्याला अरेतुरे करतात. “आई कुठंय तुझी?” दादानं घरून ठरवून आणलेलं एका दमात बोलून टाकलं, “मला शौचाला रक्त पडतं, बसलं की दुखतं, आणि आईला सांगू नका.” डॉक्टर म्हणाले, “बरं बरं, बाहेर थांब जरा.” आणि त्यांनी आईला फोन लावला.

मी तेव्हा माहेरी आले होते. आम्ही दोघी धावतपळत पोचलो. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि दादा कोपऱ्यात उभा होता. आईला बघताच कंपाउंडर जागेवरूनच ओरडला, “अहो मावशी, याला संडासला रक्त पडतंय, तुम्हाला पत्ताच नाही?” सगळ्या माना आधी आईकडे आणि मग दादाकडे वळल्या. दादाचे कान लालभडक झाले. त्या कंपाउंडरच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली मला. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी हेही वाटलं, की ओळखीचं कुणी बसलेलं नसू दे.

आत डॉक्टर आईला म्हणाले, “तपासावं लागेल. हात लावू देणार नाही हा. तुम्ही धरून ठेवा.” आई पर्स माझ्याकडे देऊन पुढं झाली.

“आई, तू बाहेर जा,” दादा म्हणाला.

“अरे, आई आहे मी तुझी! माझ्यापुढं कसली आलीये लाज?”

“मला लाज वाटते.”

त्याच्या नेहमीच्या सपाट आवाजातच तो हे बोलला. ‘त्याला कुठली आलीये लाजबीज’ असं आम्ही पाहुण्यांसमोरसुद्धा सर्रास म्हणायचो, तो तिथंच बसलेला असायचा. आईला हलताही येईना. मी तिच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर दारात आले. “हे बघा मावशी, याला काय झालंय—” आई ताडकन उठली. “मला नको, त्याला सांगा,” म्हणाली आणि थेट बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. मी मागोमाग गेले. ती रडत होती.

“त्याच्या खोलीला आतून कडी नाही गं,” ती म्हणाली. “लहानपणी काढली होती, अडकून बसेल म्हणून. परत लावायचं कधी सुचलंच नाही. तो कपडे बदलत असला तरी मी खुशाल आत शिरते.”

मी तिची पर्स मांडीवर घेऊन शेजारी टेकले.

औषधांची चिठ्ठी घेऊन दादा बाहेर आला. “बरं होणार आहे,” तो म्हणाला. “बाकीचं सांगणार नाही.”

“नको सांगूस,” मी म्हटलं.

त्यानं आईकडे पाहिलं. “ही का रडते?”

“तिला लाज वाटतेय.”

“माझी?”

किती वाजले विचारावं, तितक्या सहज त्यानं विचारलं. “नाही,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि दोघींपैकी एकीलाही त्याच्याकडे बघवेना.