कारण चहा नव्हता

सर बोट वर करून म्हणायचे, “कारण चहा नव्हता.” पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी लगबगीने कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, चहापत्ती आणून दिली.

परदेशातल्या या माउंट रॉस्किल उपनगरात आमच्या शेजारी त्यांची मुलगी राहायची. नर्स होती. आई गेल्यावर तिने वडिलांना अकोल्याहून इकडे आणलं. मुलांच्या जॅकेटात बागेतल्या बाकावर बसलेले असे वडील तुम्हीही पाहिले असतील. सर तिकडे शाळेत इतिहास शिकवायचे. अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडपासून का फुटल्या, हा त्यांचा लाडका धडा. माझ्या लेकीला त्यावरच निबंध लिहायचा होता. तिला घेऊन गेलो आणि मीच सुरू झालो.

“चहावरचा कर वाढला, म्हणून लोकांनी पेट्या समुद्रात फेकल्या.”

“चहा उलट स्वस्त झाला होता,” सर म्हणाले. “पण कर लावणाऱ्या पार्लमेंटात यांचा एकही माणूस नव्हता. समुद्रापलीकडे बसून यांचं सगळं परस्पर ठरायचं. राग त्याचा.”

“डॅड, जस्ट लिसन,” लेक म्हणाली.

पुढे सरांच्या मुलीला ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. घर, सामान, सरांची खोली, सगळं तिने ठरवून टाकलं. सर म्हणाले, “मी येत नाही.”

ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. “दादा, तुमचं ते ऐकतात.” मला ते खरंच वाटलं.

मी फार्मसिस्ट. गोळ्यांच्या वेळा सांगतो त्याच सुरात त्यांना म्हातारपण, पथ्य, एकटेपणा असं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “शनिवारी तुझा तो गाडीमागे जोडायचा ट्रेलर मिळेल का?”

शनिवारी मी त्यांचा पलंग मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत वाहून नेला. “समजावलंस वाटतं,” बायको म्हणाली.

मुलगी एकटीच गेली. एका रविवारी मी सरांकडे बसलो असताना तिचा फोन आला. स्पीकर चालू होता.

“बाबा, मला इथे करमत नाही. माझ्याकडे राहायला आवडेल तुम्हाला?”

मी सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि सरांकडे बघून मिटलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“आवडेल, बेटा.”

विमानतळाच्या वाटेवर मी त्यांना तिकडच्या थंडीची माहिती देत राहिलो. आत जाताना ते म्हणाले, “तू बोलतोस फार,” आणि माझी कॉलर नीट केली. मग रांगेत शिरले.

मी पार्किंगमध्ये बराच वेळ गाडीत बसून राहिलो. शेजारच्या सीटवर माझं ऐकायला कोणी नव्हतं.