मालवणला न पोचलेली वहिनी

समुद्रात उतरण्याआधी वहिनी त्याला घरची कामं सांगायची. घोटाभर पाण्यात उभी राहून, शेजारणीशी बोलावं तशी. "नारळ सोलूचे आसत. दळण आणूचा आसा. आठाक माका घराक जावक व्हया, काय?" मग जरा थांबायची, समोरून कुणी बरं म्हणतंय असं ऐकल्यासारखी, आणि पाण्यात शिरायची. आचऱ्याच्या किनाऱ्यावर फिरायला आलेले पाहुणे वळून वळून बघत. तिला त्याचं काही नसे.

ही माझ्या दादाची बायको. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. माहेर कसालच्या पलीकडे, भातशेती आणि काजूच्या बागांतलं. दादा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. लग्न होऊन आचऱ्याला आली तेव्हा तिला समुद्राची इतकी भीती वाटायची की पश्चिमेची खिडकी तिने कित्येक वर्षं उघडलीच नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या वर्षी ती तोंडवलीला माझ्या सासरी आली. चाळिशी ओलांडलेली. ओसरीवर बसायच्या आधीच म्हणाली, "शुभा, माका पोहूक शिकव."

"आता? कित्या गो?"

"घरात आता मी आणि ती बंद खिडकी. किती दिवस भियान रवतलंय?"

मी तिला खाडीत शिकवलं. पाठीखाली हात धरून आधी नुसतं तरंगायला. एके दिवशी मी हात कधी काढून घेतला ते तिला कळलंच नाही. डोळे मिटून, कान पाण्यात बुडवून ती बराच वेळ तशीच पडून राहिली. उठली तेव्हा म्हणाली, "आतमध्ये केवढा शांत आसा गो." वर्षभरात ती माझ्या पुढे गेली. वेग नव्हता तिला. पण भात लावणाऱ्या बाईचा हात जसा दिवसभर एका लयीत चालतो, तसे तिचे हात चालायचे. दमली का विचारलं तर म्हणायची, "दमाक काय झाला? पाणीच नेता माका."

पन्नाशीत तिने ठरवलं, आचऱ्याहून मालवणच्या जेटीपर्यंत पोहत जायचं. दोन हिवाळे तयारी केली. होडी बाबलची. तो आमच्या शेजारचा मच्छीमार, वहिनीला सख्ख्या बहिणीसारखं मानणारा. होडीत तिला खायला-प्यायला द्यायला मी. नियम एकच होता: होडीला किंवा माणसाला तिचा हात लागला की पोहणं तिथेच संपलं.

बाबलने हिशेब सांगितला होता. ओहोटी लागायच्या आत सर्जेकोटजवळचं खाडीचं तोंड ओलांडायचं, नाहीतर खाडीचं पाणी माणसाला बाहेर रेटतं. पण उजाडताना अख्खा गाव किनाऱ्यावर जमला. नारळ फोडला, देवाला गाऱ्हाणं घातलं, प्रत्येकाला तिच्याबरोबर फोटो हवा होता. निघायला तासभर उशीर झाला. मायेने आलेल्या माणसांना चला, पुरे, असं तिला म्हणवेना. मलाही म्हणवलं नाही.

तरी सकाळ फार सुंदर होती. पाणी तेलासारखं संथ. तिच्या हातांचा आवाज आणि होडीच्या मशीनची मंद धडधड, एवढंच. तोंडवलीचा किनारा धुक्यातून हळूहळू आला आणि तसाच मागे सरला. माझं घर कुठलं तेसुद्धा मला ओळखता आलं नाही. मध्येच ती पाठीवर वळायची, आकाशाकडे बघून हसायची आणि पुन्हा पालथी व्हायची.

खाडीच्या तोंडाशी सगळं थांबलं. तिचे हात तसेच चालत होते, पण तळाशिलच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं जागची हलेनात. अर्धा तास गेला, तास गेला. दुपार चढली. मी दिलेली पेज तिने ओकून टाकली. तिचे ओठ सुजले होते, डोळे माझ्यावरून भलतीकडे जात होते. दूरवर मालवण उन्हात थरथरत होतं. दोन तास आम्ही त्याच झाडांसमोर होतो.

मग ती थांबली. माझ्याकडे बघून लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "आये, भात कापून झाला काय गो?"

तिच्या आईला जाऊन बारा वर्षं झाली होती.

बाबलने मशीन बंद केलं. "शुभाताई, आता तुमीच काय ता ठरवा," म्हणाला. तेवढ्यात वहिनीला भान आलं असावं, कारण ती स्पष्ट बोलली, "माका हात लावू नको." मी वाकले आणि तिचं मनगट धरलं.

तिने झटापट केली नाही. होडीत घेतल्यावर ती माझ्याकडे पाठ करून बसून राहिली. मालवणच्या जेटीवर बायका हार घेऊन उभ्या होत्या, कुणीतरी ताशासुद्धा आणला होता. बाबल आधाराला पुढे झाला, त्याला बाजूला करून ती स्वतः पायऱ्या चढली. पहिला हार गळ्यात पडायच्या आत तिने तो हाताने अडवला. "मी पोहत येवक नाय. होडीत बसान इलंय." ताशावाला तसाच उभा राहिला.

त्यानंतर दीड महिना ती पाण्यात गेली नाही आणि माझ्याशी बोललीही नाही. लोक येऊन सांगत, थोडक्यात राहिलं हो. ती नुसती ऐकून घ्यायची. कुणी म्हणालं, उरलेला तुकडा एखाद्या दिवशी पोहून टाका, म्हणजे झालं. त्याला मात्र तिने उत्तर दिलं. "अर्धी भाकरी आज, अर्धी फुडल्या महिन्यात, अशी खातंत काय?" दादाचा फोन आला की ती पावसापाण्याचं बोलायची. दुपारी मी गेले की ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. ती जागी आहे हे मला कळायचं आणि मला कळलंय हे तिलाही. मी पाटावर बसून राही, मग उठून बस धरी. तिचं मनगट धरलं ते चुकलं का, अजून दहा मिनिटं थांबले असते तर पाणी फिरलं असतं का, हे मी परतीच्या वाटेवर रोज स्वतःला विचारत असे.

एका दुपारी तीच माझ्याकडे आली. "त्या दोन तासातला माका कायेक आठवत नाय," म्हणाली. "माजे दोन तास तुज्याकडे आसत. सांग."

मी सांगितलं. झाडं, पेज, तिचे डोळे, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती. भाताचं सांगितलं तेव्हा तिने डोळे उघडले.

"तुका आये म्हटलंय मी?"

"होय."

"आणि तू काय म्हटलंस?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. तेही सांगितलं.

"कापून झाला म्हणान सांगूचा होता गो," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच रडत होती. मीही रडले. उन्हं उतरली तेव्हा ती म्हणाली, "तुजा चुकला नाय. पण माका राग इलो, तोय खरो." एवढं बोलून तिने तोंड धुतलं.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा निघाली. या वेळी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. फक्त बाबल आणि त्याची होडी. मी तोंडवलीला अंगणात मिरच्या वाळत घालत होते. किनाऱ्याकडून वहिनी चालत येताना दिसली, निथळत, अनवाणी, केसांना वाळू. मागे पाण्यावर बाबलची होडी डुलत होती. माझ्या हातातलं सूपच पडलं.

"काय झाला? बरा नाय वाटत?"

"बरा आसा. मालवणाकच जातंय म्हणान निघाललंय. हय इलंय नि वाटला, आज हयसर उतरूया."

"फुडे जावक आंग साथ देय नाय?"

"देता होता की."

"मगे?"

तिने केस पिळले. समुद्राकडे पाहिलं, जेवून उठलेलं माणूस ताटाकडे बघतं तसं.

"पोट भरला," म्हणाली.

चार घावणे खाऊन ती ओसरीवरच आडवी झाली. मी तिच्यावर चादर घातली. तिच्या भुवयांवर मिठाची बारीक पांढरी रेघ सुकत चालली होती, आणि झोपेत तिचे हात अगदी हळू, एका लयीत हलत होते.