टीव्हीखालचा कन्सोल माझा आहे

आमच्या दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात टीव्हीखाली एक गेम कन्सोल आहे. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगायचो, "मुलीचा आहे." पन्नाशीला टेकलेल्या मॅनेजरने तलवार घेऊन जंगलात हिंडावं, हे आपल्या लोकांत सांगायची सोय नव्हती. गोल्फ खेळतो म्हटलं असतं तर चाललं असतं.

गेल्या महिन्यात बायकोचे मोठे भाऊ आणि वहिनी शारजाहून जेवायला आले. दादा ट्रॅफिकमुळे आधीच तापलेले. त्यात बारावीच्या पूर्वपरीक्षेत मुलीला फिजिक्समध्ये कमी मार्क पडल्याचं त्यांना कळलं होतं. ताटावर बसताच त्यांची नजर कन्सोलवर गेली.

"हे डबडं आधी विका. किती तास खेळतेस गं?"

"नॉट मच, मामा," मुलगी म्हणाली. ती त्याला हातही लावत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नॉट मच म्हणे! बापाला मान खाली घालायला लावशील."

माझी मान खालीच होती, आमटीच्या वाटीत. बायको मला चपाती वाढताना क्षणभर थांबली. तिला सगळं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात मी जो गेम खेळत होतो, त्यात मी एका वैदूच्या घरातून औषध चोरलं होतं. चांगल्या कामासाठीच, जखमी सोबत्याला वाचवायला. पुढे त्या गावात गेलो तर औषधच उरलं नाही म्हणून वैदूच्या दाराला कुलूप, आणि त्याच्या ओट्यावर एक बाई तापाने फणफणलेलं मूल घेऊन बसलेली. गेमने माझे गुण कापले नाहीत, उपदेशही केला नाही. बाई तेवढी तिथे बसून राहिली. बरेच गेम पुण्य आणि पाप अशी दोन बटणं देतात आणि पुण्याच्या बटणावर बक्षीस ठेवतात. ते मला पोरकट वाटतात. चांगल्या गेममध्ये आपण केलेलं जगात उरतं, आणि त्यातून वाट काढत आपण कोण व्हायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

आणि मी इथे पोरीच्या आड लपून भात कालवत होतो.

"दादा, तो कन्सोल माझा आहे. ती खेळत नाही. मी खेळतो."

"तुम्ही?" वहिनींना हसू आवरेना. "या वयात, भाऊजी?"

"या वयातच. विसाव्या वर्षी मी नुसता राक्षस मारत सुटलो असतो."

मग मी त्यांना त्या ओट्यावरच्या बाईची गोष्ट सांगितली. दादांनी घास तसाच हातात धरला.

"म्हणजे पैसे मोजून डोक्याला ताप विकत घेता?"

"हो. आणि घेत राहणार. विकणार नाही."

"मग हिचे मार्क कशाने गेले?"

"फिजिक्स इज हार्ड, मामा," मुलगी म्हणाली.

खेळण्याबद्दल मी कुणाची माफी मागितली नाही, मागणारही नाही. पण तिच्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणालो, "इतकी वर्षं तुझं नाव पुढे केलं. चुकलं माझं."

तिचे कान लाल झाले. "खलास, बाबा, पुरे झालं," ती म्हणाली. "पास द पापड."