एकही भोक नसलेला कोबा

त्या इंजिनिअर साहेबावरचा माझा राग अजून गेलेला नाही. स्वातंत्र्याला आठएक वर्षं झाली असतील. पिंपरीला एका कारखान्यात बर्फखोलीचं बांधकाम निघालं होतं. मी सातवीतून शाळा सोडून रत्नागिरीकडून आलेला. आई, बायको गावी. काम कधी सुटेल ही धास्ती कायम. चिखलीच्या मिस्त्रीनं मला कामाला लावलं, स्वतःच्या पडवीत जागा दिली. त्याच्या भाकरीवर मी उभा राहिलो.

खोलीच्या कोब्यासाठी साहेबानं एक तपकिरी औषध आणलं. मिक्सरच्या दर फेरीला एक माप टाकायचं, एवढंच सांगितलं. मिस्त्रीनं कशाला म्हणून विचारलं, तर सांगितलंय तेवढं करा म्हणाला.

माप माझ्या हातात. ते पडलं की माल साबणासारखा फेसाळायचा. मिस्त्रीला बघवेना. काँक्रीटात हवा राहिली की काम कच्चं, हे तो बापाच्या हाताखाली शिकलेला. त्यानं मला अर्धंच माप टाकायला लावलं आणि बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत गड्यांकडून माल ठोकून ठोकून धुमसून घेतला. ज्याच्या घरी निजतो त्याला मी काय सांगणार? आणि खरं म्हणजे मलाही ते पटलंच होतं.

खोली चालू झाली. गोठवायची, बंद करून धुवायची, पुन्हा गोठवायची. काही महिन्यांतच कोब्याचे पापुद्रे सुटले. साहेबानं एक नखानं उचलला आणि सगळ्यांदेखत मिस्त्रीला म्हणाला, "अडाणी माणसं लावली की हे असं. पाणी गोठलं की फुगतं. त्याला जागा हवी, म्हणून ते बारीक बुडबुडे."

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. हेच तोंड आधी उघडायला काय झालं होतं?

माप मीच टाकलं, हे सांगायला मी पुढं झालो. मिस्त्रीनं दंड धरला. "तू गप ऱ्हा. माझं घर हितं हाय, तुझं लांब हाय." दुपारी त्याला कामावरून काढलं. मी गप्प राहिलो. तो राग माझा माझ्यावर.

कोबा फोडायला मलाच ठेवलं. पापुद्र्यांखाली छिन्नी शिरेना. चार दिवस घण घातला. फुटलेला तुकडा न् तुकडा उलटून बघितला, एकातही भोक नव्हतं.

संध्याकाळी पडवीत मिस्त्रीनं विचारलं, कसा निघतोय.

"निघत नाही, मिस्त्री."

त्याचा चेहरा खुलला. तेव्हा मला साहेबाचा गळा धरावासा वाटला.