घाणेवाल्याची रायफल

त्या दिवशी खमसीन सुटला होता. वाळवंटाकडून येणारा तो गरम वारा एकदा लागला की आभाळ मातकट होतं, दातांखाली रेती करकरते आणि कोणी कोणाशी धड बोलत नाही. अशा वाऱ्यात वस्तीच्या सभेने फळ्यावर कागद लावला: पहाऱ्याला दर घरामागे एक माणूस.

आमची वस्ती लहान, नेतिवोत गावापासून अर्ध्या तासावर. मी रायफल कशी निवडली ते लोक अजून विचारतात. एक गोष्ट सांगितली की तिला चिकटून दुसरी येते, काकवीला मुंग्या लागाव्यात तशी. मला त्यातलं तेव्हाही सगळं कळलं नव्हतं, आताही कळलंय असं नाही. पण घडलं तसं सांगतो.

आमच्या घरात पुरुष दोनच. मी आणि मुलगा एलीजा. तो तेव्हा लष्करात, हैफ्याला इंजिनाचं काम शिकत होता. सभेचा चिटणीस म्हणाला, "तुम्हाला जमलं नाही तर मुलाची बदली इकडे मागून घेऊ." म्हणजे त्याचं शिक्षण अर्ध्यात. मी म्हटलं, मीच उभा राहतो. त्यावर तो म्हणाला, "मग रायफल निवडा, शिका. पंधरा दिवसांनी पाच गोळ्या झाडायच्या, तीन तरी कागदावर लागायला हव्यात."

मी कोकणातून इकडे आलेला यहुदी तेली. आयुष्यभर घाणा हाकला. बंदूक पाहिली होती ती पोलिसाच्या खांद्यावर, तीही लांबून.

*

हत्यारांची खोली म्हणजे गाईंच्या गोठ्यामागची पत्र्याची शेड. तिचा राखणदार यान्कु, रुमानियाचा माणूस. त्याने तीन बंदुका ओळीने मांडल्या आणि हिब्रूत विचारलं, "तुमची गरज काय?"

मला वाटलं हा माझ्या घरचं विचारतोय. म्हटलं, "देवाच्या दयेने काही नाही."

मग मी आपल्या पद्धतीने पारखायला लागलो. भांडं घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेराने वाजवून बघतो. मी तिन्ही वाजवल्या. मधली, ती लांब, मोठ्या गोळीची, आपल्याआप भरणारी, तिचा आवाज भरीव आला. मी मान डोलावली.

यान्कु शांतपणे म्हणाला, "सबा, आवाज काढायचा तो पुढच्या टोकाने."

सबा म्हणजे आजोबा. तेव्हापासून सगळी वस्ती मला सबाच म्हणते.

*

सल्ले तर इतके आले की डोकं चाळणीसारखं झालं.

मुंबईच्या गोदीत टॅलीक्लार्क होते ते आमचे शलोमभाऊ म्हणाले, "बिन्यामीनभाई, गोळी मोठी तीच घ्या. साइज इज एव्हरीथिंग." स्वतः भाऊ असे बुटके की ती रायफल शेजारी उभी केली तर त्यांच्या नाकाला लागे.

शेजारचा मसूद, मोरोक्कोचा, उंचापुरा गडी, त्याने तर शपथच घातली. "आपल्याआप भरणारीच घ्या, सबा. एक गोळी सुटली की दुसरी तयार. मी दुसरीला हात लावत नाही."

यान्कु म्हणाला, "तिच्यात रेती गेली की ती बसली. जुनी घ्या, हाताने खटका ओढायची. तिला रेतीचं काही नाही."

मी घरी येऊन बायकोला, आमच्या शेगुलाला विचारलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "कपाटामागे मावेल ती आणा."

तिघांचं ऐकून मी गोंधळलो होतो. हिचं ऐकून कपाटाची मापं घेत बसलो.

*

शनिवारच्या सुट्टीला एलीजा घरी आला. म्हटलं, हा लष्करातला, याला नक्की कळणार. मी मराठीत विचारलं, "बाळा, मोठ्या गोळीची घेऊ की लहान? आपल्याआप भरणारी की हाताने?"

त्याने हिब्रूत उत्तर दिलं, बराच वेळ. नळी, वजन, धक्का, लांबचा नेम, जवळचा नेम. मी हूं हूं करत राहिलो. शेवटी विचारलं, "मग तू कोणती निवडलीस?"

तो हसला आणि बऱ्याच दिवसांनी मराठीत बोलला. "बाबा, आम्हाला कोण विचारतो? देतात ती घ्यायची."

जाताना मात्र दारात थांबून म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा. मी येतो परत." त्याच्या नखांत इंजिनाचं काळं तेल होतं. मी म्हटलं, "गप बस, मला जमतंय."

*

यान्कुने आधी जुनी, खटक्याची दिली. एक गोळी झाडली, बरं वाटलं. दुसरीसाठी खटका मागे ओढायचा. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं घाण्यात गेलेली, बैल एकाएकी चालायला लागला तेव्हा. उरलेल्या बोटांनी खटका धरला की तो निसटायचा. मी ओढतोय, यान्कु बघतोय. दुसरी गोळी आत जाईपर्यंत मागच्या घरातल्या बाईचे कपडे वाळत घालून झाले.

यान्कुने माझा हात हातात घेऊन बघितला. जुनी आत ठेवली आणि ती मोठी, आपल्याआप भरणारी माझ्यापुढे ठेवली.

मसूदने वस्तीभर सांगितलं, "सबाने माझं ऐकलं."

*

साफ करायला शिकण्यासाठी ती रायफल आठ दिवस घरी दिली. यान्कु म्हणाला, "सगळ्या भागांना नीट तेल लावा."

आता तेल काय असतं ते तेल्याला शिकवायचं? त्याने दिलेल्या डबीतलं तेल मी हुंगून बघितलं आणि बाजूला ठेवलं. काळं, पातळ, ना चव ना वास. ट्रंकेत तिळाच्या तेलाची बाटली होती, आमच्या स्वतःच्या घाण्याची, शेवटची, गावाहून निघताना आणलेली. ती सणासुदीलाच उघडायची. मी हात सैल सोडून तेल घातलं. नळीला घातलं, स्प्रिंगला घातलं, लाकडालाही चोळलं. अशी चमकली म्हणता!

दोन दिवस ऊन लागलं आणि आतलं सगळं चिक्कीसारखं धरून बसलं. खटका हलेना. घरात तिळाच्या लाडवांचा वास. मसूदची मांजर बंदुकीला अंग घासून घासून वेडी झाली.

यान्कुने रायफल उघडली, बोटाने चाटून बघितली आणि मला विचारलं, "सबा, ही झाडायची की वाढायची?"

रॉकेलने धुवायला त्याला अख्खा दिवस लागला. पण संध्याकाळी हळूच म्हणाला, "त्या बाटलीत अजून थोडं आहे का? माझी बायको तळणीला..." मी अर्धी बाटली दिली.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेगुलाने एलियाहू नबीच्या नावाने मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. ताट मांडलं आणि मला म्हणाली, "ती बंदूक आणा इथे."

"अगं, नबीसमोर बंदूक?"

"अग्नीच्या रथातून वर गेलेत ते. दारूगोळ्याला घाबरतात होय?"

तेवढ्यात मसूद आला. दोन वाट्या मलिदा खाल्ला आणि विचारलं, "नेम लागावा म्हणून केलंत?"

शेगुला म्हणाली, "नेमाचं नबीवर का घालू? मुलगा हैफ्यातच राहावा म्हणून केलंय."

त्याने तिसरी वाटी घेतली नाही.

*

परीक्षेला आम्ही पाच जण वस्तीबाहेरच्या टेकाडाशी पालथे पडलो. समोर पाच कागद. माझ्या उजवीकडे मसूद. मला उन्हात दूरचं पांढरं सगळं एकच दिसत होतं, पण मी एक कागद धरला आणि त्याच्यावरून नजर हलवली नाही. यान्कुने शिट्टी वाजवली.

पहिल्या गोळीला खांद्यावर बैलाने लाथ मारावी तसा धक्का बसला. कान भरून गेले. आजूबाजूला नुसता धुरळा आणि आवाज. मी चाप ओढायचो, थांबायचो, श्वास सोडायचो, पुन्हा ओढायचो. घाण्याची सवय कामी आली. घाई केली की तेल गढूळ येतं. पाच झाल्या. यान्कुने फिरून सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या असल्याचं बघितलं आणि कागद काढून आणले.

माझा कागद कोरा. एक भोक नाही. मसूदच्या कागदावर पाच, सगळी वाटीएवढ्या जागेत.

लोक मसूदची पाठ थोपटायला लागले. शलोमभाऊ म्हणाले, "फर्स्ट क्लास!" यान्कुने माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि खाली बघत म्हणाला, "सबा, तुम्ही पडून छान राहिलात."

चिटणीस म्हणाला, उद्या हैफ्याला पत्र घालतो.

मी रायफल परत दिली आणि घरी निघालो. शेगुलाला काय सांगायचं ते जुळवत होतो, जुळत नव्हतं. डोळ्यांसमोर एलीजाची ती काळी नखं. मागून कोणी येत होतं. मसूद होता. पाण्याच्या टाकीपर्यंत तो माझ्या मागे मागे आला.

टाकीपाशी त्याने माझी बाही धरली. इकडेतिकडे बघितलं. मग पँटच्या खिशातून गोळ्यांचा लोखंडी डबा काढला, रायफलीला खालून बसवतात तो, आणि माझ्या तळहातावर ठेवला. जड होता. आत पाचही गोळ्या, पिवळ्याजर्द.

"सबा, मागे फिरा," तो म्हणाला. "मी गडबडीत रिकामाच डबा लावला होता, आणि लाजेने पडून राहिलो. तुम्ही नेम माझ्या कागदावर धरलात, ती पाच भोकं तुमची आहेत. चला, मी सांगतो त्यांना, पण तुम्ही पुढे चाला."